मागे दिलेला चेंडू

मुलींचा फुटबॉलचा सामना चालू असताना एखादीने चेंडू मागे, आपल्याच गोलकीपरकडे दिला, तर तुम्ही मैदानाच्या कडेला उभे राहून काय ओरडता?

मला माहीत आहे. ‘अगं पुढे मार ना!’ धुळ्यात ओरडतात, नरडाण्यात ओरडतात, असोद्यात तर बांधावरून ओरडतात. ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही तेही ओरडतात. मी नऊ वर्षं फुटबॉल शिकवते आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षं मीही तेच ओरडत होते. त्या ओरडण्यापायी मी माझ्या सर्वांत चांगल्या खेळाडूला जवळजवळ घालवून बसले होते. ते कसं घडलं आणि कोणाच्या उपकाराने निस्तरलं, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी थोडं घरचं. माझे बाबा धुळ्यातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पगारी काम लग्नपत्रिकांचं आणि बिनपगारी काम चळवळीच्या पत्रकांचं. आमच्या घरात पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे पत्रकं असत. इतर मुलं बडबडगीतं म्हणत त्या वयात मी ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द न अडखळता वाचत होते. त्या ढिगातच मला आठ पानांची एक पुस्तिका सापडली होती. विषय कामगारांचे खेळ. तिच्यात दीड पान एका स्कॉटिश फुटबॉलपटूवर होतं.

हा माणूस जहाजाच्या कारखान्यात रिव्हेट ठोकायचा. रिव्हेटचं काम एकट्याचं नसतं. एक जण भट्टीत खिळा लाल करतो आणि चिमट्याने फेकतो, दुसरा तो डब्यात झेलतो, तिसरा भोकात धरतो, चौथा ठोकतो. खिळा थंड व्हायच्या आत हे सगळं झालं पाहिजे. त्या काळी फुटबॉल म्हणजे ज्याच्या पायात चेंडू, त्याने जमेल तेवढं एकट्याने पळायचं आणि बाकीच्यांनी मागे धावायचं. स्कॉटलंडच्या लोकांनी चेंडू एकमेकांना द्यायला सुरुवात केली. हा रिव्हेटवाला त्यांतलाच. पुढे तो युरोपात दूरच्या एका शहरात शिकवायला गेला. तिथली भाषा त्याला येत नव्हती. बोलता येईना म्हणून तो आधी नुसता बघायचा आणि मग करून दाखवायचा. त्याच्यामुळे एका परक्या देशाला फुटबॉल खेळता येऊ लागला. तो तिथेच राहिला आणि तिथल्याच मातीत विसावला.

पुस्तिकेचा निष्कर्ष ठळक अक्षरांत होता: ‘पास म्हणजे समता.’ मी चौदा वर्षांची होते. मला तेवढं पुरलं.

प्रशिक्षकाचं काम शिट्टी मारण्याचं आहे असं लोकांना वाटतं. खरं काम बघण्याचं आहे. चेंडू सगळेच बघतात. आम्ही चेंडू नसलेल्या माणसांकडे बघायचं. कोण कोणाला देतं, कोण कोणाला देत नाही, मागितल्यावर कोण मान फिरवतं. अर्धा तास असं बघितलं की त्या गावाची, त्या कारखान्याची अख्खी कुंडली कळते. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांचा एक संघ मी रविवारी शिकवायचे. तिथे चेंडू कोठूनही निघाला तरी शेवटी सुपरवायझर साहेबांच्या पायात जायचा. साहेब पोटाने भक्कम, पळायला नाखूष. मी एका फिटरला विचारलं, “भाऊ, डावीकडे तुमचा माणूस मोकळा होता ना?”

तो म्हणाला, “ताई, तो मोकळा व्हता, पन सोमवारे हजेरी साहेब लेतस.”

सोमवारी हजेरी साहेब घेतात, म्हणून! मी हसले, पण ते डोक्यात पक्कं बसलं. चेंडू उतरंड बघून चालतो. हा माझा सिद्धान्त झाला, आणि सिद्धान्त सापडला की मला दुसरं काही दिसत नाही, हा माझा जुना रोग.

त्याच वर्षी असोद्याला मी एका शाळेच्या मुलींसाठी गेले. जळगावजवळचं मोठं गाव, केळी आणि कापूस. धुळ्याहून असोदा काही परदेश नाही, पण माझ्यासाठी तसंच होतं. आमच्या घरची बोली अहिराणी. मी ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हटलं की मुली खुदूखुदू हसायच्या. त्या ‘राह्यते’, ‘कुठी’ म्हणायच्या तर मला दोनदा ऐकावं लागायचं. मी त्यांना त्या स्कॉटिश रिव्हेटवाल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच त्याचं नाव ‘स्कॉट आबा’ ठेवलं. “ताई, स्कॉट आबा केळी खायचे का?” असल्या प्रश्नांना मी नऊ वर्षं उत्तरं देते आहे.

मैदान म्हणजे नानांची पडीक पट्टी. नाना हे गावातले केळीवाले शेतकरी. पट्टीला लागूनच त्यांची बाग. त्यांची नात हर्षदा आमची कर्णधार. गोलात सुजाता. तिचे वडील अशोकभाऊ केळी कापणाऱ्या टोळीत कामाला, घर बौद्ध वस्तीत.

पहिल्या महिन्यात मुलींना चेंडू थांबवताच येत नव्हता. येणारा चेंडू पायाला लागून टणकन उडायचा. मी ‘पाय सैल ठेवा, पाय सैल ठेवा’ म्हणून घसा बसवला. एका सकाळी बागेत कापणी चालू होती. एकाने कोयत्याने घड तोडला की खाली उभा असलेला दुसरा तो खांद्यावर असा घ्यायचा की खांदाच घडाबरोबर थोडा खाली जायचा. केळीला धक्का लागायला नको. आज लागलेला धक्का लगेच दिसत नाही, पिकल्यावर काळा डाग होऊन वर येतो. मी मुलींना बांधावर बसवून ते दाखवलं. म्हटलं, “चेंडू असा घ्यायचा. घड आहे समजा.”

दुसऱ्या दिवसापासून चेंडू थांबायला लागला. मी हरखून गेले. रिव्हेटवाल्याने आपल्या कारखान्यातून जे आणलं, तेच मी इथल्या बागेतून काढलं होतं! नाना शेजारी उभे होते. ते सहज म्हणाले, “अन् पाहा मॅडम, घड पुढेच जातो. तोडणाऱ्याकडून ट्रककडे. माघारी नाही जात.”

पत्रकांवर वाढलेल्या माणसाला असं वाक्य मिळालं की काय होतं ते सांगते. मी त्याच दिवशी नानांच्या पंपाच्या खोलीच्या भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘घड मागे जात नाही!’ सरावाच्या आधी मुली ते ओरडायच्या. मीही ओरडायचे, सर्वांत मोठ्याने.

दुसऱ्या वर्षी धुळ्याला एका निमंत्रितांच्या स्पर्धेत आम्हाला बोलावणं आलं. माझं गाव, माझ्या ओळखीचे लोक, कडेला बाबा खुर्ची टाकून बसलेले. आम्ही तीन गोलांनी हरलो. हरण्याचं दुःख नव्हतं. मला जे दिसलं त्याने आग लागली. आमच्या मुली आपल्याच गोलासमोर अडकायच्या, समोरून तिघी अंगावर यायच्या, मागे सुजाता एकदम मोकळी उभी, हात वर करून ओरडते आहे, “मले दे! हर्षदा, मले!” आणि एकही मुलगी तिला चेंडू देत नव्हती. एकदाही नाही. त्या गर्दीत पुढे मारायच्या आणि चेंडू जायचा.

मला वाटलं, कळलं. नरडाण्याचा सुपरवायझर आठवला. वस्तीतली मुलगी मोकळी आहे आणि बागवाल्यांच्या मुली तिला चेंडू देत नाहीत. यापेक्षा स्पष्ट ते काय असणार?

मुली शाळेच्या बाईंबरोबर बसने परत गेल्या. मी धुळ्यातच थांबले आणि त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा होता ‘चेंडूलाही जात असते!’ मी आयुष्यात लिहिलेलं ते सर्वांत जोरदार पत्रक. नावं घातली नाहीत. ‘गोलात उभी केलेली वस्तीतली पोर’ एवढंच. एका बाजूला छापून घेतलं, मागची बाजू कोरी. सोमवारी असोद्याच्या बसथांब्यावर, दुकानांत, शाळेच्या फाटकापाशी स्वतःच्या हाताने वाटलं. दुपारपर्यंत त्याचे फोटो जळगावात आणि धुळ्यात मोबाइलवर फिरत होते.

संध्याकाळी सरावाला कोणी आलं नाही. मी खुणांचे दगड मांडून बसले होते. अर्ध्या तासाने सुजाता आली. पायात चपला, हातात पत्रक.

“ताई, हे माझ्यावर आहे.”

“तुझं नाव नाही त्यात.”

“गावात गोलात दुसरी कोन उभी राह्यते?”

मी म्हटलं, “तुझ्यासाठीच लिहिलं गं.”

“मले विचारलं का?” तिने पत्रकातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “‘उभी केलेली.’ मले कोनी उभं नाही केलं. तुम्ही पुढे खेळ म्हनत होत्या, मी हट्टाने ही जागा मागून घेतली. इथून सगळं मैदान दिसतं.”

“मग त्या तुला चेंडू का देत नाहीत?”

तिने मान वळवून पंपाच्या खोलीकडे बघितलं. गेरूची अक्षरं पावसाने थोडी ओघळली होती, पण वाचता येत होती. घड मागे जात नाही.

“तुम्हीच शिकवलं ना,” ती म्हणाली. “मध्यंतरी मी हर्षदाले म्हटलं, मले देत जा. ती म्हने ताई रागावतात.”

मला आठवलं. रागावले होते. दोनदा.

“मी आता नाही येनार,” सुजाता म्हणाली. “गोलात उभी राह्यली की लोक म्हनतील, पाहा, ती पत्रकातली.” आणि ती गेली.

मी धुळ्याला घरी आले आणि काय केलं असेल? दुसरं पत्रक लिहायला बसले. माफीचं, पण तेही जोरदारच. बाबा आतून आले, त्यांनी पहिलं पत्रक चष्मा लावून सावकाश वाचलं, मग दुसऱ्याच्या अर्ध्या पानावर नजर टाकली.

“बठ्ठं झकास लिखेल शे,” ते म्हणाले. “पन तिले ईचारं व्हतं का?”

मी लिहीतच राहिले.

“आनि हाई दुसरं? ह्याबद्दल ईचारं का?”

मी पान उलटं ठेवलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांचा राग अक्षरात जुळवला, त्याने विचारलेला एवढा साधा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सुजाताच्या घरी गेले, कुलूप. शेजारणीने सांगितलं, बाप नानांच्या बागेत कापणीवर आहे, पोरगीही डबा घेऊन तिकडेच गेली. बागेत पोहोचले. अशोकभाऊंनी मला बघितलं, पण कोयता थांबवला नाही. मी बोलायला तोंड उघडलं.

“ताई, माणूस कमी आहे,” ते म्हणाले. “घड धरा, मंग बोला.”

मी दुपट्टा कमरेला बांधला. एकाने माझ्या खांद्यावर गोणपाटाची जाड चुंबळ ठेवली आणि घड आला. दोन पावलांत मी बाजूच्या झाडाला टेकले. टोळीतले सगळे हसले. दुसऱ्या घडाला जमलं. तिसऱ्याला मी ट्रकपर्यंत पोहोचले, घड पानांवर टेकवला, आणि रिकामी चुंबळ खांद्यावर तशीच ठेवून घाम पुसत उभी राहिले.

“चुंबळ!” मागून आरडा झाला. “अहो ताई, चुंबळ टाका मागे!”

टोळीत माणसं पाच आणि चुंबळी तीन. घड उतरला की चुंबळ मागच्या माणसाकडे फेकायची, तेव्हा पुढचा घड निघतो. माझ्यामुळे अख्खी रांग खोळंबली होती. मी चुंबळ फेकली. ती झेलली सुजाताने. ती डबा ठेवून मध्येच उभी होती. तिने ती वडिलांच्या साथीदाराकडे दिली आणि माझ्याकडे बघितलं.

“पाह्यलं?” ती म्हणाली. “घड मागे नाही जात. चुंबळ जाते. तुम्ही बांधावर बसून पाह्यलं म्हनून नाही दिसलं तुम्हाले.”

मी तिची माफी मागितली. ‘मी तुला विचारलं नाही, माझी चूक झाली,’ एवढीच दोन वाक्यं. अशोकभाऊ ऐकत होते. ते म्हणाले, “ताई, तुम्ही लिहिलं ते गावात नाही असं नाही. आहे. आम्हाले नवं नाही. पन पोरींनी नव्हतं केलं ते. खोटं छापलं की खऱ्यावरचा लोकांचा विश्वास जातो ना मंग.” माझ्या पत्रकांच्या आयुष्यात कोणी इतकी मोठी गोष्ट इतक्या हळू आवाजात सांगितली नव्हती.

सुजाता यायला तयार झाली, पण अट घालून. “आठवडाभर तुम्ही बोलायचं नाही. स्कॉट आबासारखं. नुसतं पाहायचं.”

पोरींना तिनेच बोलावलं. हर्षदा आली ती फणकारत. “ताई, माझ्या आत्याने मले फोन करून विचारलं, तू सुजाताले पानी देत नाही का? आम्ही एका बाटलीने पितो ताई! दोन वर्षं झाली!” मी सगळ्यांसमोर तिचीही माफी मागितली. नाना मागे हात बांधून उभे होते. त्यांनी पट्टी काढून घेतली असती तरी मला बोलायला जागा नव्हती. ते फक्त म्हणाले, “भिंत पुसून टाका मॅडम. वाक्य माझं होतं, पन मी केळीचं बोललो होतो.”

मी भिंत पुसली आणि आठवडाभर गप्प बसले. शिट्टी तोंडात, शब्द नाही. पहिले दोन दिवस जीव जातो की काय असं वाटलं. हर्षदा मुद्दाम जवळून पळताना म्हणायची, “ताई, पोट दुखतं का?” पण सुजाता गोलातून बोलत होती आणि मी पहिल्यांदा ऐकत होते. कोण दमलंय, कोणाची बाजू उघडी पडली आहे, हे तिला माझ्या आधी दिसत होतं. अडकलेल्या मुलीला ती एकच शब्द ओरडायची: “चुंबळ!” मग चेंडू तिच्याकडे यायचा. मागे आलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही, पायानेच खेळावा लागतो. ती तो सैल पायाने घ्यायची, मान वर करायची आणि मोकळ्या बाजूला द्यायची. बागेतल्यासारखी खोळंबलेली रांग पुन्हा चालू व्हायची.

त्या हिवाळ्यात जळगावात एका संघाशी सामना झाला. आमच्याच गोलासमोर हर्षदा तिघींत अडकली. कडेचे लोक उठून ओरडले, “पुढे मार! पुढे!” मागून आवाज आला, “चुंबळ!” हर्षदाने न बघता टाचेने चेंडू मागे दिला. समोरची मुलगी सुजातावर धावली. सुजाताने चेंडू घेतला, एक श्वास थांबली आणि डावीकडे दिला. तिथून पाच जणींच्या पायांतून तो दुसऱ्या टोकाला गेला आणि गोल झाला. सामना एक-एक सुटला. आम्ही जिंकलो नाही. तरी बसमध्ये त्या पोरी अशा नाचल्या की कंडक्टरने दोनदा विचारलं, कप कुठे आहे.

आता सुजाता नरडाण्याला आहे. कारखान्यात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या मुलींना फुटबॉल. तिथे याआधी मुलींना कोणी शिकवलं नव्हतं. असोद्याची बोली बोलणारी ही मुलगी अहिराणी मुलखात परदेशी आहे. परवा फोनवर सांगत होती, “ताई, मी ‘चुंबळ’ ओरडले तर पोरी म्हने, ‘काय शे ते?’ त्यांच्याकडे केळी कुठी! मंग मी काही बोललेच नाही. दोन आठवडे त्यांची कापूसवेचणी पाहत बसले.” मी फोन हातात धरून किती वेळ हसत होते, आठवत नाही.

पत्रकं मी अजून लिहिते. लिहिणारच. लिहिण्यासारखं या दोन जिल्ह्यांत पुष्कळ आहे आणि गप्प बसणाऱ्यांची कमतरता नाही. पण आता छापायच्या आधी ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्याकडे कागद नेते. कधी तो सगळं खोडतो. कधी मी लिहिलं होतं त्याहून कडक करून देतो. बाबांना, अशोकभाऊंना, नानांना, हर्षदाला आणि त्या रिव्हेटवाल्यालाही मी याबद्दल मनात रोज नमस्कार करते. सुजाताला करत नाही. तिला फोन करते.

हा लेखही तिला वाचून दाखवला. तिने दोन जागा दुरुस्त केल्या आणि विचारलं, “नाव घातलं ना या वेळी?” घातलं म्हटलं. “मंग चालेल.”

एक काम तुमच्याकडे आहे. ‘चेंडूलाही जात असते!’ हे पत्रक तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल. आम्हा खानदेशातल्या लोकांना छापील कागद टाकवत नाही, हे मी घरातून जाणते. ते फाडू नका. त्याची मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर पेनाने एवढंच लिहा: ‘मला कोणी उभं केलं नाही. ही जागा मी मागून घेतली. — सुजाता, गोलकीपर, असोदा.’ मोबाइलमध्ये फोटो असेल तर त्याच्याखाली लिहा. आणि मग ते पुढे पाठवू नका. ज्याने तुम्हाला दिलं होतं, त्याच्याकडे मागे द्या.